पटकथेची बांधणी: कथाबीजापासून दृश्यक्रमापर्यंत

पुण्यात पटकथा लिहू पाहणाऱ्यांपैकी बरेच जण एकांकिकेच्या वाटेने येतात. महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी लिहिलेली एकांकिका भरत नाट्य मंदिरात रंगते, कुणीतरी यावर चित्रपट व्हायला हवा असे सुचवते, आणि लेखक पुढचे काही महिने त्याच प्रसंगाचे संवाद वाढवत राहतो. अशा लेखकाचा संवादाचा कान तयार असतो आणि प्रसंग खुलवण्याची हातोटीही त्याच्याकडे असते. सवय नसते ती दोन तासांच्या बांधणीची. एकांकिका बहुधा एका जागी, एका पेचाभोवती उभी राहते. चित्रपटाला मात्र तो पेच निर्माण होताना, वाढताना, मध्येच रूप बदलताना आणि अखेर सुटताना किंवा कायमचा अडकताना दाखवावा लागतो. या लेखात ती बांधणी कशी करावी हे एकच काल्पनिक कथानक हाती धरून, पायरीपायरीने मांडले आहे.

आधी माझी भूमिका सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. पटकथेची रचना पानांच्या हिशोबाने होत नाही, ती पात्राच्या निर्णयांनी होते. पात्र असा काही निर्णय घेते की त्यानंतर त्याला पूर्वीच्या आयुष्यात परतता येत नाही, आणि त्या निर्णयाच्या परिणामांतून पुढच्या निर्णयाची वेळ येते. असे चार-पाच निर्णय पक्के सापडले की चित्रपटाचा सांगाडा मिळाला असे समजावे. ते सापडले नसतील, तर कितीही सुंदर प्रसंग लिहिले तरी ते एकमेकांशेजारी नुसते पडून राहतात.

जुने आराखडे आणि त्यांचा उपयोग

कथेला आरंभ, मध्य आणि अंत असावा हे ॲरिस्टॉटलने सांगितले. अमेरिकेत सिड फील्ड यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तेच तत्त्व पटकथेच्या पानांवर बसवले: १२० पानांची पटकथा धरली, तर पहिला अंक साधारण ३० पानांचा, दुसरा ६० पानांचा आणि तिसरा पुन्हा ३० पानांचा. पहिल्या दोन्ही अंकांच्या शेवटाजवळ कथेला वळण देणारी एकेक घटना त्यांनी अपेक्षिली. आज जगभर ज्याला तीन अंकी रचना म्हणतात ती मुख्यतः हीच.

आपल्याकडे नाट्यशास्त्राने याहून बारीक विभागणी केली आहे आणि ती मराठी लेखकाने आवर्जून अभ्यासावी असे मला मनापासून वाटते. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या कार्याच्या पाच अवस्था आहेत, आणि त्यांच्याशी जोडलेले मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण हे पाच संधी, म्हणजे कथानकाचे पाच सांधे, आहेत. या मांडणीचे वैशिष्ट्य असे की तिच्या केंद्रस्थानी नायकाची इच्छा आहे. त्याला काहीतरी हवे आहे, तो त्यासाठी झटतो, ते मिळेल अशी आशा दिसते, मग शंका आणि विघ्ने येतात, आणि शेवटी फळ हाती येते. संस्कृत नाटक बहुधा सुखान्त असल्यामुळे तिथे फलागम गृहीत धरलेला आहे. आपल्याला ते बंधन नाही. तरीही मध्यभागाचे गर्भ (आशा दिसते तो भाग) आणि विमर्श (शंका आणि विघ्नांचा भाग) असे दोन तुकडे पाडण्याची कल्पना फार कामाची आहे, कारण नवख्या लेखकाची पटकथा हमखास मध्यभागातच कोसळते.

हे आराखडे लिहिण्याआधी पाठ करावेत आणि लिहिताना बाजूला ठेवावेत. पहिला खर्डा झाल्यावर तो कुठे लंगडतो आहे हे तपासायला ते पुन्हा हाती घ्यावेत.

पहिली पायरी: कथाबीज एका वाक्यात लिहावे

आपले उदाहरण असे. संतोष हा बीड जिल्ह्यातला २९ वर्षांचा तरुण गेली काही वर्षे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतो आहे. अंतिम निवड यादी लागते आणि तिच्यात त्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हे तिन्ही जुळणारा दुसराच उमेदवार असतो. यादी गावात मोबाइलवर फिरते, संध्याकाळपर्यंत चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, आणि संतोष आपण ते नव्हेत हे सांगत नाही.

एका वाक्यात हे कथाबीज असे होईल: ‘नामसाधर्म्यामुळे अधिकारी समजला गेलेला एक उमेदवार खरे सांगण्याचे टाळतो, आणि त्या मौनावर त्याच्या बहिणीचे लग्न ठरते.’ या वाक्यात तीन गोष्टी आल्या आहेत की नाहीत ते पाहावे. कोण, त्याने काय केले, आणि त्याची किंमत कोण मोजणार. ‘स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तरुणांची व्यथा’ असे लिहिले तर तो विषय झाला. विषयावर लेख लिहिता येतो. पटकथेसाठी कुणाचे तरी कृत्य लागते.

याच टप्प्यावर कथेतली सर्वांत मोठी शंका स्वतःलाच विचारावी. इथे ती अशी आहे: हे खोटे टिकेल कसे? यादीत बैठक क्रमांक असतो आणि तो कुणीही पडताळू शकतो. उत्तर शोधताना कथेला आधारच मिळतो. बैठक क्रमांक फक्त संतोषला आणि त्याच्या खोलीतल्या मित्राला माहीत आहे. गावात कुणी तो विचारत नाही, कारण आनंदाची बातमी कुणी पडताळत नाही. शिवाय निवड आणि प्रत्यक्ष नियुक्ती यांत अनेक महिने जातात, त्यामुळे ‘ऑर्डर अजून यायची आहे’ हे उत्तर काही काळ चालते. म्हणजे कथेला आपोआप मुदतही मिळाली.

दुसरी पायरी: निर्णय शोधावेत

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. यादीतले नामसाधर्म्य ही बाहेरून आलेली घटना आहे, आणि कथेची सुरुवात योगायोगाने झाली तर प्रेक्षक ते आनंदाने मान्य करतो. मात्र त्या योगायोगाला पात्र काय उत्तर देते, तिथून कथा खऱ्या अर्थाने सुरू होते. बहुतेक पहिल्या खर्ड्यांत इथेच पात्राला वाचवलेले असते. संतोष सांगायचा प्रयत्न करतो पण फोन कट होतो, वडील ऐकूनच घेत नाहीत, गाव परस्पर जाहीर करून टाकते, असे लिहिण्याचा मोह होतो, कारण नायक लबाड ठरू नये अशी लेखकाची इच्छा असते. पण मग संतोष परिस्थितीचा बळी होतो आणि पुढचे दोन तास त्याच्या बाबतीत नुसते काहीबाही घडत राहते.

त्याऐवजी प्रसंग असा लिहावा. वडिलांचा फोन येतो. ते बराच वेळ बोलत नाहीत, मग स्वतःच विचारतात, ‘संतोष, खरं ना रे?’ पलीकडे शांतता आहे, कुणी घाई करत नाही, फोनला रेंज आहे. संतोषला ‘नाही अण्णा’ म्हणायला पूर्ण वाव आहे, आणि तो म्हणतो, ‘हो अण्णा.’ हा पहिला निर्णय. तो प्रेमापोटी घेतलेला असल्यामुळे प्रेक्षक संतोषला सोडून जात नाही, आणि तो त्यानेच घेतलेला असल्यामुळे पुढच्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी त्याच्यावर राहते.

दुसरा निर्णय पहिल्यापेक्षा जड हवा. खासगीत बोललेले खोटे आता चारचौघांत वागावे लागते. गावात सत्कार ठरतो. आजारपणाचे निमित्त करून तो टाळता येण्यासारखा आहे, पण संतोष जातो, शाल-श्रीफळ घेतो आणि शाळेतल्या मुलांना अभ्यास कसा करावा हे सांगतो. त्याचे भाषण उत्तम होते, आणि तेच भयंकर आहे. तिसरा निर्णय बहिणीच्या लग्नाचा आहे आणि तो मध्यंतराला येणार असल्याने त्याविषयी पुढे लिहितो.

प्रत्येक निर्णय तीन प्रश्नांवर घासून पाहावा. पात्रासमोर त्या वेळी दुसरा खरा पर्याय होता का? निर्णयानंतर मागे फिरणे आधीपेक्षा अवघड झाले का? आणि या निर्णयामुळेच पुढचा पेच उभा राहिला का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर दोन प्रसंगांमध्ये नुसते ‘आणि नंतर’ आहे, आणि तिथे प्रेक्षक घड्याळाकडे पाहतो.

नकार हाही पूर्ण वजनाचा निर्णय असतो. प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात १९३७ साली काढलेला ‘कुंकू’ पाहावा. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मनाने स्वीकारायला नकार देते, आणि सगळा चित्रपट त्या एका नकारावर उभा आहे. ती घर सोडून जात नाही, तरी तिला क्षणभरही निष्क्रिय म्हणता येत नाही.

तिसरी पायरी: शेवट लवकर ठरवावा

लिहिता लिहिता शेवट सापडेल या आशेवर पटकथा सुरू करू नये. कादंबरीत ते कधी कधी साधते. पटकथेत प्रत्येक मिनिटाला खर्च असल्यामुळे भटकण्याला वाव कमी असतो. शेवट नंतर बदलला तरी चालेल, पण लिहिताना डोळ्यांसमोर एक तरी शेवट हवा.

आपल्या कथेचा सोपा शेवट असा: साखरपुड्यात कुणीतरी बैठक क्रमांकासह यादी दाखवते आणि संतोष उघडा पडतो. प्रसंग नाट्यमय होईल, कलाकारांना वावही मिळेल. पण मग शेवट संतोषचा राहत नाही, तो यादी दाखवणाऱ्याचा होतो. संतोषला पकडले याचा अर्थ इतकाच की तो पकडला गेला. तो बदलला की नाही हे आपल्याला कधीच कळत नाही.

म्हणून उलट दिशेने विचार करावा. पकडले जाण्याची भीतीच काढून घेतली तर? समजा, यादीतला खरा उमेदवार पुण्यातच आहे. संतोष त्याला शोधून काढतो, सगळे सांगतो आणि गप्प राहण्याची विनवणी करतो, आणि तो भला माणूस कबूल होतो. आता बाहेरचा धोका जवळपास संपला, लग्न पार पडेपर्यंत तरी कुणी काही बोलणार नाही. अशा वेळी संतोष स्वतःहून बहिणीला, रेखाला, साखरपुड्याच्या आदल्या रात्री खरे सांगतो आणि लग्नाचा निर्णय तिच्या हाती देतो. गप्प बसणे शक्य असताना त्याने सांगितले, एवढ्याने शेवट पूर्णपणे त्याचा झाला. रेखा काय ठरवते हे दाखवायचे की नाही, हा पुढचा प्रश्न. माझ्या मते दाखवावे, कारण किंमत तिची आहे आणि तिला अर्ध्यात सोडणे अन्यायाचे होईल.

नाट्यशास्त्रातला विमर्श इथे नेमका बसतो. फळ जवळ आले आहे, आणि त्याच क्षणी ते घ्यावे की नाही असा संशय नायकाच्याच मनात उभा राहतो.

चौथी पायरी: मध्यंतराचा उपयोग करावा

अमेरिकी पुस्तकांत मध्यंतराचा विचार नसतो, कारण तिथल्या चित्रपटगृहांत आज तो नसतोच. आपल्याकडे चित्रपट मध्येच थांबतो, दिवे लागतात, लोक वडापाव घेतात आणि एकमेकांशी बोलतात. लेखकाने हे संकट समजू नये. मध्यंतराला काहीतरी धक्का हवा म्हणून अपघात किंवा अटक घालण्याची प्रथा आहे, पण धक्का पाच मिनिटांत ओसरतो. प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न बदलला, तर मात्र तो त्याच विचाराने परत जागेवर येऊन बसतो.

संतोषच्या कथेत मध्यंतरापूर्वीचा प्रश्न आहे: हे खोटे उघडकीला येईल का? आता रेखासाठी एक स्थळ येते. मुलाकडचे पूर्वी दोनदा टाळत होते. यावेळी स्वतःहून आले आहेत, कारण मुलीचा भाऊ साहेब होणार आहे. बैठकीत वडील संतोषकडे वळून विचारतात, ‘तू मोठा झालास आता. सांग, ठरवू का?’ सगळ्यांचे डोळे त्याच्यावर आहेत आणि स्वयंपाकघराच्या दारात रेखा उभी आहे. संतोष म्हणतो, ‘ठरवा.’ इथे मध्यंतर. आतापर्यंत धोक्यात होती त्याची अब्रू. यापुढे धोक्यात आहे रेखाचे आयुष्य. प्रश्न बदलला, आणि उत्तरार्धाला स्वतःचा जीव मिळाला.

ज्याच्यात दोन्ही गोष्टी एकदम वाचवता येत नाहीत, असा पेच उत्तरार्धासाठी सर्वांत टिकाऊ ठरतो. ‘श्वास’ या २००४ च्या चित्रपटाची ताकद यातच आहे: शस्त्रक्रिया केली तर नातवाचा जीव वाचेल आणि दृष्टी जाईल. आजोबांसमोर चांगला पर्याय उरतच नाही, आणि म्हणून शस्त्रक्रियेआधी नातवाला रुग्णालयातून बाहेर नेण्याचा त्यांचा निर्णय मनाला भिडतो. आपल्या कथानकात असा पेच आहे का, हे प्रत्येकाने कठोरपणे तपासावे. नसेल तर बहुतेक वेळा बीजवाक्यातच काहीतरी सौम्य राहिलेले असते.

पाचवी पायरी: उपकथानक

दुसऱ्या पात्राची कथा दीर्घकाळ चालली तर ती पताका, आणि थोडक्यात आटोपली तर ती प्रकरी, असा भेद आपल्या परंपरेत आहे. दोन्हींना एकच कसोटी लावावी: मुख्य कथेतल्या प्रश्नाला ती वेगळे उत्तर देते का? खोलीतला मित्र तीन वर्षांनी नापास होऊन गावी परततो आणि उघडपणे दुकान थाटतो, ही आपली प्रकरी. तिला तीन दृश्ये पुरतात. प्रेमकथा घालायचीच म्हणून घालू नये. पुण्यातली कथा आहे म्हणून कॅफेतली नायिका आलीच पाहिजे, असे कुठेही लिहिलेले नाही.

सहावी पायरी: वनलाइन तयार करावी

आपल्याकडे दृश्यांच्या क्रमवार यादीला वनलाइन म्हणतात. प्रत्येक दृश्यासाठी एक कार्ड घ्यावे आणि त्यावर स्थळ, वेळ, दृश्यात कोण काय मिळवायला आले आहे आणि दृश्य संपताना काय बदलले, एवढेच लिहावे. संवाद लिहू नयेत. दोन तासांच्या चित्रपटासाठी साठ-सत्तर कार्डे होतात. संथ चित्रपटात कमीही. कार्डे जमिनीवर पसरावीत आणि ज्या कार्डावर ‘काय बदलले’ ही ओळ रिकामी आहे ते उचलून ठेवावे. बहुतेक वेळा ते दृश्य फक्त माहिती देण्यासाठी आलेले असते.

अशा एका दृश्याचे काय करता येते ते जवळून पाहू. संतोष जेवतो ती खानावळ एक काकू चालवतात. निकालाच्या सकाळी, गावाकडून फोन येण्याआधी, त्याने फक्त त्यांना सांगितले आहे, ‘काकू, याही वेळी नाही.’ आता गावाकडचे दोघे पेढे घेऊन पुण्यात आले आहेत आणि संतोष त्यांना जेवायला तिथेच आणतो. पहिल्या खर्ड्यात काकू त्याला मोरीपाशी गाठून सुनावतात: खोटे का बोललास, आईवडिलांचा विचार केलास का, वगैरे. सगळे बरोबर आहे आणि सगळे प्रेक्षकाला आधीच माहीत आहे.

नव्या खर्ड्यात काकू काहीच बोलत नाहीत. पाहुण्यांना आग्रहाने वाढतात, पेढाही घेतात. जेवण झाल्यावर उधारीची वही काढून संतोषच्या पानावर तीन ताटे मांडतात. पाहुणा हसून म्हणतो, ‘मावशी, साहेबांची उधारी लिहिता होय?’ काकू वही संतोषकडे फिरवतात आणि सहीसाठी पेन पुढे करतात. तो पाहुण्यांसमोर सही करतो. दृश्याच्या सुरुवातीला काकूंना सत्य माहीत आहे याची संतोषला फक्त भीती आहे. शेवटी त्या गप्प राहणार आहेत हे त्याला कळते, आणि त्या गप्प बसण्याचेही आपण देणेकरी झालो हेही कळते. एवढे बदलले, आणि मोरीपाशी म्हणायचे एकही वाक्य लागले नाही. एकांकिकेतून आलेल्या लेखकाने हा सराव मुद्दाम करावा: दृश्य आधी संवादाशिवाय लिहावे, आणि मग जिथे बोलल्यावाचून भागतच नाही तिथे बोलू द्यावे.

वही आता कथेत आली आहे, तर ती पुन्हा यायला हवी. पेरलेली वस्तू दुसऱ्यांदा येताना तिचा अर्थ बदललेला असावा. उत्तरार्धात संतोष बहिणीच्या लग्नासाठी मित्रांकडून पैसे घेतो आणि काकूंची उधारी फेडायला जातो. काकू वही उघडतच नाहीत. यापेक्षा जास्त स्पष्टीकरणाची गरज नाही.

लांबीविषयी एक व्यवहाराची गोष्ट. एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हा अंदाज कुरिअर टंकाच्या १२ पॉइंट आकारातल्या इंग्रजी पटकथेचा आहे. देवनागरीत तो जसाच्या तसा लागू होईल असे धरून चालू नये. दृश्य मोठ्याने वाचावे, हालचालींना लागणारा वेळ मनात धरावा आणि घड्याळ लावून मोजावे.

सातवी पायरी: चित्रपट मोडून पाहावा

स्वतःची वनलाइन रचण्याबरोबरच इतरांचे चित्रपट दृश्यागणिक उतरवून काढावेत. पुणेकरांना या बाबतीत विशेष सोय आहे. प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि शहरात चित्रपट महोत्सवही भरतो. पण चित्रपटगृहात फक्त पाहावे. उतरवण्याचे काम घरी, थांबवत थांबवत करावे. प्रत्येक दृश्याची सुरू होण्याची वेळ, एका ओळीत घडलेली गोष्ट आणि निर्णय असेल तर तो लाल शाईने, अशा तीन रकान्यांची वही ठेवावी. ‘फँड्री’सारखा चित्रपट असा उतरवला की कळते, शेवटी जब्याने भिरकावलेल्या दगडाची तयारी किती आधीपासून, किती साध्या दृश्यांतून चालू होती.

आवडलेल्या चित्रपटाबरोबर एखादा फसलेलाही उतरवावा. कोणत्या मिनिटाला आपले लक्ष उडाले ते लिहावे आणि त्याच्या मागच्या दोन-तीन दृश्यांत कुणी काही ठरवले होते का ते पाहावे.

आठवी पायरी: नॅरेशन द्यावे

पटकथा वाचायला देण्याआधी ती सांगून पाहावी. मराठीत निर्माता, दिग्दर्शक आणि कलाकार बहुधा नॅरेशन ऐकूनच पहिला कौल देतात, त्यामुळे ही तयारी तशीही लागतेच. दोन-तीन जणांना बसवून, हातात कागद न घेता, वीस मिनिटांत सगळी कथा सांगावी. सांगताना ज्या जागी तोंडून ‘नाही, म्हणजे त्याआधी एक सांगायचं राहिलं’ असे निघते, तिथे पेरणी चुकलेली आहे. ज्या जागी आपण भरभर पुढे जातो, तिथे आपला स्वतःचाच विश्वास नाही. ऐकणाऱ्यांना कथा आवडली का असे विचारू नये, कारण ओळखीची माणसे हो म्हणतात. त्याऐवजी कुठे काय होईल असे वाटले होते ते विचारावे, आणि संतोषचा राग कोणत्या क्षणी आला तेही. तिघांनी तीन वेगळे क्षण सांगितले तर हरकत नाही. तिघांनाही राग आलाच नाही, तर आपण त्याला पुन्हा कुठेतरी वाचवले आहे, आणि दुसऱ्या पायरीवर परत जाऊन त्याचे निर्णय तपासावे लागतील. बाहेरच्या कुणाला ऐकवण्याआधी मात्र कथा लेखकांच्या संघटनेकडे नोंदवून घ्यावी, आणि नोंदणीनंतर मोठे बदल केले तर नव्या खर्ड्याची पुन्हा नोंद करावी.